गेलटाख्तवर पैसा वाया जातोय? एका कमेंटला उत्तर

आयर्लंडवरच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की शंभर वर्षं शाळेत सक्ती करूनही आयरिश कोणी बोलत नाही, गेलटाख्तमधल्या, म्हणजे सरकारने आयरिश बोलणारा म्हणून मान्य केलेल्या भागातल्या गावांत सगळ्यांना इंग्रजी येतंच, लोकांनी आपणहून सोडलेल्या भाषेवर सरकारने पैसा कशाला ओतायचा, हौस असेल तो अ‍ॅपवर शिकेल. उत्तर लांबलंय, पण मला हे मनापासून लागलं म्हणून लिहितेय.

शाळेचं तुमचं म्हणणं आकड्यांतही दिसतं. 2022 च्या जनगणनेत जवळपास 18.7 लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, त्यातले शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलणारे फक्त 72 हजारांच्या आसपास. पण म्हणूनच तर गेलटाख्त हवं ना! डोनेगॉल, कॉनेमारा, केरीतला डिंगलचा भाग, इथे अजून आजी नातवाला आयरिशमध्ये रागावते, आणि तिथेही रोज बोलणारे साधारण वीस हजारच उरलेत. दर उन्हाळ्यात देशभरातली मुलं याच गावांत लोकांच्या घरी राहून भाषा शिकतात, ही घरंच इंग्रजी झाली तर मुलं जाणार कुठे?

आणि आपणहून सोडली हे तर अजिबात पटत नाही. 1845 पासूनच्या दुष्काळात सगळ्यात जास्त मेले, देशोधडीला लागले ते पश्चिमेकडचे आयरिश बोलणारे गरीबच, मागे राहिलेल्यांना दिसत होतं की पोरांना अमेरिकेला जावं लागणार, तेव्हा घरात इंग्रजी आलं.

पैशाने काय होतं विचारताय तर रा खार्न हे गाव बघा. 1935 मध्ये कॉनेमारातली 27 कुटुंबं डब्लिनपासून फार लांब नसलेल्या मीथ काउंटीत नेली, घरं दिली, शेतजमीन दिली, सगळे एकमेकांचे शेजारी. चहूकडे इंग्रजी, गेलटाख्त म्हणून मान्यता मिळायला 1967 उजाडलं, तेही भांडून, तरी आयरिश आजही तिथे आहे. घर, पोटापाण्याची सोय आणि आयरिश बोलणारा शेजार, हे तिन्ही एकत्र मिळालं की भाषा टिकते असं माझं ठाम मत आहे. 1972 चा आयरिश रेडिओ, 1996 चं टीव्ही चॅनेल, दोन्हींची मुख्य ऑफिसं कॉनेमारात आहेत, म्हणजे शिकलेल्या पोरांना गावाजवळच आयरिशमध्ये काम.

आत्ता अडलंय ते घरांपाशी. समुद्राकाठची घरं सुट्टीपुरती येणारे श्रीमंत लोक घेतात नाहीतर ती टुरिस्टना भाड्याने जातात, आणि तिथेच वाढलेल्या जोडप्याला घर मिळत नाही म्हणून ते शहरात जातं, मग त्यांची मुलं इंग्रजीतच खेळतात. 2012 च्या कायद्याने गावोगावी भाषेचे आराखडे झाले, त्यासाठी माणसं नेमली, चांगलंच आहे, पण त्या माणसाच्या हातात घर बांधणं नाही. त्यामुळे सरकारने पैसा कमी करावा असं मी म्हणणारच नाही, उलट जास्त द्यावा आणि आधी त्या जोडप्याच्या घरासाठी द्यावा.