पंचावन्न टाके

विणकामाने मन शांत होते, असे सांगणाऱ्या माणसांच्या हातात नेहमी साधी, गुळगुळीत, आज्ञाधारक लोकर असते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मी मात्र आयुष्यातील पहिल्याच स्वेटरसाठी थेट मोहेर या फुलारलेल्या, लांब तंतूंच्या लोकरीला हात घातला. संचाच्या खोक्यावर एक तरुणी ढगाचा तुकडा अंगावर ओढून घेतल्यासारखी खिडकीपाशी बसली होती. तिच्या खाली ‘नवशिक्यांसाठी’ असे छापले होते आणि दोन दिवसांच्या सुट्टीत स्वेटर पूर्ण होईल, असे आश्वासनही दिले होते. सुट्टी नेमकी कोणाची, एवढेच काय ते लिहायचे राहिले होते.

खोक्यातून लोकरीचे सहा गुंडे, ८ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी सुया, शिवणीसाठी एक बोथट सुई, नमुन्याचा घडी घातलेला कागद आणि ‘हाताने विणलेले’ अशी अक्षरे भरलेली एक कापडी पट्टी निघाली. पट्टी मी ताबडतोब ड्रॉवरमध्ये जपून ठेवली. संपूर्ण संचातील तेवढी एकच वस्तू आजही मूळ अवस्थेत आहे.

लोकर हातात घेतली, की तिच्याविषयी वाईट विचार करणेच अशक्य होते. मोहेर अंगोरा जातीच्या शेळीपासून मिळते; मात्र अंगोरा या नावाने जी लोकर विकली जाते, ती सशाची असते, आणि या दोन्ही प्राण्यांना हे नाव मिळाले ते अंकारा शहराच्या जुन्या नावावरून. ज्या क्षेत्रात शेळी आणि ससा यांच्या नावांचा गुंता अजून सुटलेला नाही, तिथे माझा गुंता कोण सोडवणार, हा विचार खरे तर मी तेव्हाच करायला हवा होता.

कागदावरची पहिलीच सूचना अशी होती, की आधी १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन विणून त्यातील टाके मोजावेत. स्वेटरच्या ओढीने बसलेल्या माणसाला बाहुलीच्या पायपुसण्याएवढा तुकडा विणायला लावणे मला अपमानास्पद वाटले आणि मी ती सूचना ओलांडून थेट पाठीचे ५५ टाके सुईवर घातले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ते ५६ झाले. सहाव्या ओळीला ५८ होते. मी एकही टाका वाढवला नव्हता. ते आपापसात ठरवून वाढत होते. पुन्हा मोजले तेव्हा ५७ भरले, आणि तिसऱ्यांदा मोजताना शिंक आल्यामुळे मोजणीच तहकूब करावी लागली.

या लोकरीची मुख्य अडचण अशी, की तिच्यात टाका दिसत नाही. साध्या लोकरीत सुईवर एकेक फास स्पष्ट बसलेला असतो; इथे सुईवर एक लांबट, गुबगुबीत सुरवंट झोपलेला असतो आणि त्याच्या पोटात कुठेतरी तुमचे ५५ टाके असतात. सुईचे टोक आत घालावे, तर ते कधी टाक्यातून जाते, कधी नुसत्या तंतूंच्या धुक्यातून, आणि दोन्ही वेळा हाताला सारखेच वाटते. ‘फुलारलेली लोकर चुका झाकते’ असे कागदावर मोठ्या कौतुकाने म्हटले होते. तिने त्या झाकल्या, हे मी नाकारत नाही. पण ज्याला त्या शोधून सुधारायच्या होत्या, त्याच्यापासूनही तिने त्या तितक्याच निष्ठेने झाकल्या.

शेवटी मी आईला शरण गेलो. तिने चष्माही लावला नाही. सुई हातात घेऊन अंगठा टाक्यांवरून सावकाश फिरवला आणि म्हणाली, “डोळ्यांनी काय शोधतोस? बोटांनी मोज. आणि ओळ सुरू करताना धागा सुईच्या वरून मागे ओढतोयस, म्हणून पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि तू ते दोन टाके समजून विणतोस. खालून मागे ने.”

तीन दिवसांचे रहस्य तिने दोन वाक्यांत संपवले. मग तिने सहजपणे, “एवढे उसव आणि पुन्हा घाल,” असे सांगितले आणि ती निघून गेली. मोहेर उसवणे हा काय प्रकार आहे, हे तिलाही ठाऊक नसावे. साधी लोकर ओढली की सरसर सुटते. मोहेरचे चार टाके सुटतात आणि पाचव्यापाशी शेजारच्या ओळींचे तंतू एकमेकांच्या गळ्यात असे पडतात, की जणू आपण एखादे सुखी कुटुंब मोडायला निघालो आहोत. जोर लावावा तर गाठ आवळते. न लावावा तर काहीच घडत नाही. त्या संध्याकाळी मी एकूण दोन ओळी उसवल्या आणि सुटलेला लव माझ्या चष्म्यावर, भुवयांवर आणि बहुधा श्वासनलिकेत स्थायिक झाला.

पुढे मात्र मी खालून धागा नेत, बोटांनी मोजत, प्रत्येक ओळीला ५५ टाके राखत पाठ पूर्ण केली, आणि त्याच जोमात पुढचा भागही. अभिमानाने दोन्ही तुकडे पलंगावर पसरले, तेव्हा पलंग संपत आला होता. कागदाच्या हिशेबात १० सेंटिमीटरमध्ये ११ टाके बसायचे होते, म्हणजे पाठ ५० सेंटिमीटर रुंद झाली असती. माझ्या सैल हाताने तेवढ्या जागेत ९ टाके बसले होते, म्हणून पाठ ६१ सेंटिमीटर भरली. पुढचा भाग धरून घेर २२ सेंटिमीटरांनी वाढला होता. न विणलेला तो चौकोन मला तेव्हा आठवला.

आता सगळेच उसवणे भाग होते. विणकाम करणारी अनुभवी मंडळी सांगतात, की मोहेर सुटत नसेल तर विणलेला तुकडा पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवावा. गारठलेले तंतू जरा सहज मोकळे होतात. म्हणून मी दोन्ही तुकड्यांची घडी घालून, पिशवीचे तोंड बांधून, ते बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवले आणि झोपायला गेलो.

सकाळी बाबा बर्फ काढायला गेले. बराच वेळ फ्रीझरचे दार उघडेच राहिल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी शांतपणे विचारले, “हे स्वेटर थंडीत घालायचे असते ना?”