चेपलेलं नाणं म्हणजे मिंट एरर नव्हे: त्या लाखांच्या फॉरवर्डला उत्तर

चवथीआधी घराघरात साफसफाई निघते, जुने पेटारे उघडतात आणि नेमका तेव्हाच तो मेसेज सगळ्या ग्रूपवर परत फिरायला लागतो. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "जुनी नाणी फेकू नका! रेघ पडलेली, कड तुटलेली, छाप सरकलेला, मागची बाजू उलटी, मिंट मार्क नाही, रंग वेगळा, यातलं एक जरी असेल तर ती टाकसाळीची चूक आहे, एका नाण्याचे पाच-दहा लाख मिळतात, लगेच फोटो पाठवा." खाली कुणाचा तरी नंबर. आमच्या फोंड्याच्या ग्रूपवर तर लोक खरंच डबे घेऊन बसलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी नाणं पाडतात कसं ते बघा, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. धातूच्या पट्ट्यातून गोल चकत्या कापतात, चकतीची कड जरा उचलून घेतात, मग ती एका कॉलरमध्ये, म्हणजे तिला बाजूनं धरून ठेवणाऱ्या कड्यात बसते आणि दोन बाजूंनी दोन ठसे तिच्यावर दाबले जातात. एवढंच. यात जे बिघडलं ते मिंट एरर. नाणं टाकसाळीतून बाहेर पडल्यावर जे झालं, पोरांनी रेल्वेच्या रुळावर ठेवलं, ग्राइंडरला लागलं, विहिरीत पडून राहिलं, ते सगळं डॅमेज, मग ते दिसायला कितीही अजब असो. म्हणून नाणं हातात आलं की पहिला प्रश्न हाच, की हे मशीनला करता येईल का?

"रेघ दिसली तर डाय क्रॅक." अर्धवट खरं, आणि अर्धवट आहे म्हणूनच जास्त फसवतं. ठशाला तडा गेला की दाबताना धातू त्या तड्यात शिरतो, म्हणजे नाण्यावर ती रेघ वर आलेली दिसणार, उठावाची. ओरखडा नेमका उलटा, तो खाली गेलेला असतो आणि त्याच्या दोन्ही काठांना बाजूला सरकलेला धातू बारीक वरंब्यासारखा उभा राहतो. दहापट भिंग घ्या, खिडकीजवळ नाणं तिरकं धरून हळू फिरवा, उजेड रेघेच्या कुठल्या बाजूला चमकतो ते बघितलं की पाच सेकंदांत निकाल लागतो. आणि डाय क्रॅक असली तरी उड्या मारू नका, बारीक क्रॅकची नाणी ढिगानं सापडतात. ठशाचा तुकडाच उडाला असेल तर कडेला धातूचा गुळगुळीत फुगवटा येतो, ते मात्र शौकीन लोक पैसे देऊन घेतात.

अक्षरं दुहेरी दिसली की "डबल डाय", म्हणजे ठशावरच दुहेरी अक्षरं, म्हणून फोटो टाकणारे वेगळेच. त्यातली बहुतेक नाणी दाबताना ठसा जरा हलल्यामुळे झालेली असतात, अक्षराच्या बाजूला सपाट पायरी दिसते, त्याला कुणी जास्तीचा रुपया देत नाही.

"कड तुटलेली किंवा कापलेली असेल तर क्लिप एरर." इथे सगळ्यात जास्त फसवणूक चालते कारण कानस कुणाच्याही घरात असते. खरा क्लिप होतो कसा, तर चकत्या कापताना पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही, कापणारं पातं आधीच्या भोकावर आलं आणि चकतीचा चंद्रकोरीएवढा भाग कापायच्या आधीच गायब झाला. म्हणजे चकती छापायच्या आधीच अपुरी होती. त्यामुळे दोन खुणा राहतात. क्लिपच्या जवळची अक्षरं पातळ होत त्या बाजूला ओढल्यासारखी दिसतात, कारण दाबताना धातू मोकळ्या जागेकडे पळाला. आणि क्लिपच्या बरोबर समोर, नाण्याच्या पलीकडच्या काठाला, कड पुसट किंवा जवळजवळ नसल्यासारखी असते, कारण कड उचलताना तिथे दाबच मिळाला नव्हता. ही दुसरी खूण प्रत्येक खऱ्या क्लिपवर असेलच असं नाही, पण कानशीनं घासणाऱ्याच्या डोक्यात ती येत नाही. तो अक्षर मध्येच तोडतो, समोरची कड ठणठणीत राहते आणि भिंगाखाली समांतर रेघा दिसतात.

गोव्यात याची एक खास जात आहे. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या चांदीच्या रुपियांना कडी लावून माळेत ओवायची पद्धत होती, जुन्या घरांत अजून सापडतात. नंतर कुणीतरी कडी काढून टाकली, की वरच्या कडेला डागाचा, म्हणजे कडी जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा, ओबडधोबड गोळा राहतो, आजूबाजूचा भाग वितळल्यासारखा होतो आणि जागा करायला तिथली कड घासलेली असते. बाजारात हेच नाणं "जादा धातूचा एरर" म्हणून पुढे करतात. साधी गोष्ट बघा, डागाचा धातू छापाच्या वर बसलाय, छाप त्याच्यावर उठलेला नाही, म्हणजे तो नंतर आला. चांदीची किंमत घ्या, एररची नको.

"छाप सरकलेला म्हणजे ऑफ सेंटर, लाखाची गोष्ट." आजच्या मशीनच्या नाण्यात खरंच सरकला असेल तर चांगलं आहे, कोरा राहिलेला भाग गुळगुळीत असतो, आणि चकती नीट कापलेली असेल तर वजन पूर्ण भरतं. जुनं जाड 5 रुपयांचं नाणं 9 ग्रॅमचं, सोनाराच्या काट्यावर घाला, बरंच कमी भरलं तर कुणीतरी घासलंय. रुळावरच्या नाण्याचं वजनही पूर्ण भरतं, पण त्याची अक्षरं लांबट-चपटी होतात, तेवढ्यावरून ओळखता येतं.

पण लोक ऑफ सेंटर म्हणून शिवराई विकतात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. शिवराई हातानं पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" ही अक्षरं पूर्ण बसलेलं नाणंच दुर्मीळ. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कच्या वेळी गोव्यात नाणी पाडायला सुरुवात केली, तीही हातानंच, आणि नंतरचे ते वेडेवाकडे बझारुक, म्हणजे पोर्तुगीजांची कमी किमतीची नाणी, घ्या, त्यात सगळेच सरकलेले. तिथे उलटा हिशेब आहे, छाप जितका मध्यावर तितकी किंमत जास्त.

"मागची बाजू उलटी आली तर दुर्मीळ." भारतीय नाणं सिंह सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखं फिरवलं की मागची बाजूही सरळ येते. आता हीच परीक्षा 1947 किंवा 1952 च्या गोव्याच्या रुपियावर करा, मागची बाजू डोक्यावर उभी दिसेल, आणि तेच बरोबर आहे. पोर्तुगालची त्या वेळची पद्धतच तशी, नाणं वरून खाली फिरवायचं. म्हणजे मेसेजच्या हिशेबानं गोव्यातल्या प्रत्येक आजीच्या पेटीत पाच लाख आहेत. त्याच पेटीतली 60 सेंताव, 3 एस्कुद, 6 एस्कुद अशी नाणी बघूनही लोक चक्रावतात, आकडे चुकलेत म्हणतात. चुकलेलं काही नाही, 1958 नंतर एस्कुदचं नवीन चलन आलं तेव्हा एका रुपियाचे 6 एस्कुद धरले, त्यावरून हे आकडे. भारतीय नाण्यात मागची बाजू खरंच बरीच फिरलेली असेल तर एरर आहे, थोडीशी कललेली असेल तर सोडा.

"मिंट मार्क नाही." कोलकात्याच्या टाकसाळीची खूणच नसते. मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब, कोलकाता कोरं. विषय संपला.

"रंग वेगळा म्हणजे चुकीच्या धातूवर छापलं." असं होतं, पण तेव्हा वजन आणि बऱ्याचदा आकारही बदलतो. तुमच्याकडचा लालसर रुपया बहुतेक आपल्या लाल मातीतून आलाय. जुन्या तांबं-निकेलच्या नाण्यात 75 टक्के तांबंच असतं, जमिनीत पडून वरचा थर लाल-तपकिरी होतो. दुसरा गुन्हेगार स्वयंपाकघरात असतो, सोलं (आमसुलं), चिंच, व्हिनेगर, आणि जास्त हौस असेल तर बाथरूमचं ॲसिड. ॲसिडमध्ये पडलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजतं, अक्षरं विरघळलेल्या साबणासारखी होतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात, मग त्यालाच "पातळ चकतीचा एरर" म्हणतात.

दोन्ही बाजूंना सारखा छाप असलेलं नाणं जादूगाराचं समजा, कडेच्या आतल्या बाजूला जोडाची बारीक रेघ शोधा, आणि टेबलावर टाकलं की बद्द वाजतं. 10 रुपयांच्या नाण्याचा मधला भाग उलटा बसवलेला असेल तर जोडाच्या रेषेवर हातोडीचे वण बघा. आणि ₹ चिन्ह नाही म्हणून ते 10 चं नाणं एरर किंवा खोटं ठरत नाही, रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्येच सांगितलंय की तोवर आलेली 14 वेगवेगळ्या डिझाइनची 10 ची नाणी चालतात.

राहिला भाव. खऱ्या, ठळक एररला लिलावात चांगले पैसे मिळतात, मी नाही म्हणत नाही. पण मेसेजमधला माणूस विकत घेत नसतो, तो आधी रजिस्ट्रेशन, मग टॅक्स, मग कमिशन मागतो. रिझर्व्ह बँकेनं 4 ऑगस्ट 2021 ला याचबद्दल पत्रक काढलं होतं, आपलं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात पैसे उकळतायत, आपला त्यात काही संबंध नाही, म्हणून.

ग्रूपवर नाणं टाकायचंच असेल तर दोन्ही बाजू, कडेचा एक फोटो, वजन आणि तिरक्या उजेडातला एक फोटो टाका, आणि कृपा करून त्याच्या आधी सोलांनी घासू नका.