‘इतर’ रकान्यातले पेशंट

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यातली पाच विदर्भात आहेत: अमरावती, बुलडाणा, वाशिम, भंडारा आणि गडचिरोली. तेव्हापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, आर्णीकडच्या नातेवाइकांचा सूर बदललाय. मामाजी परवा फोनवर म्हणाले, “आता त घरोघरी डॉक्टर होतीन. पोट्टे तिकडं कायले जातीन?” ‘तिकडं’ म्हणजे मी आहे तिथे, इंग्लंडात. मी म्हटलं, “मामाजी, डॉक्टर होतील हो, पण आपल्या दवाखान्यात थांबतील का?” त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: “थांबत नसन त थांबवा लागते. बाँड कायले असते मंग?”

बाँडचा हा वाद आपल्याकडे दर वर्षी नीटच्या निकालासोबत उगवतो. सरकारी कॉलेजात शिकलात तर एक वर्ष सेवा द्या, नाहीतर दंड भरा, असा हा करार. एक बाजू म्हणते, दंड वाढवा. दुसरी, म्हणजे तरुण डॉक्टरांची, म्हणते की क्वार्टर गळतं, औषधं वेळेवर येत नाहीत आणि पेशंट दगावला की जमाव अंगावर येतो. दोघांचंही खरं आहे. तिसरी बाजू वाद घालत नाही, ती हार घालते. जंगलात जाऊन राहिलेल्या डॉक्टरांवर लेख येतात, मुलाखती होतात, शाळेत त्यांचे धडे लागतात. त्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या कौतुकाच्या आडून आपण एक गोष्ट ठरवून टाकली आहे: गावात डॉक्टरकी करायची तर एकतर सक्तीने, नाहीतर संत होऊन. नोकरी म्हणून, अभ्यासाचा विषय म्हणून, चाळिशीतही रस टिकेल असं करिअर म्हणून गावातल्या दवाखान्याकडे कोणी बघत नाही. माझं भांडण तिथे आहे.

बाँडचं वर्ष मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, हा कागदावरचा हिशेब. ऑगस्ट उलटला की ओपीडीत फवारणीचे, म्हणजे कपाशीवर कीटकनाशक मारताना विषबाधा झालेले पेशंट यायचे. घामाने निथळणारे, तोंडाला लाळ, उलट्या, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. अॅट्रोपिन हा उतारा द्यायचा आणि गाडी मिळाली की ‘यवतमाळले न्या’ म्हणायचं. आमच्या आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, एकदा रजिस्टरवरून मान न उचलता म्हणाल्या, “मॅडम, फवारणीचे पेशंट औंदा लय येऊन रायले. अन् सगळे त्या दोन गावचेच.” साथरोगशास्त्रातलं ते एक चोख निरीक्षण होतं: काळ, जागा, माणसं, सगळं त्यात आलेलं. पण दर आठवड्याला वर पाठवायच्या आमच्या फॉर्मात साप चावल्याला रकाना होता, कुत्रा चावल्याला होता, फवारणीच्या विषबाधेला नव्हता. सिस्टरांनी ते आकडे ‘इतर’मध्ये टाकले. त्या दोन गावांत कोणतं औषध कशात मिसळून मारत होते, कोणत्या दुकानातून आणत होते, हे विचारायला कोणी आलं नाही. मी विचारावं अशीही कोणाची अपेक्षा नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्याने पेशंट पाहावेत, मीटिंगला जावं आणि उद्दिष्ट पूर्ण करावं.

मग 2017 उजाडलं. कपाशी डोक्याएवढी वाढलेली आणि वरून फवारे. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. चौकशी पथक आलं, दिल्ली-मुंबईचे पत्रकार आले. तोवर मी इकडे आले होते. बातम्या वाचताना वारंवार वाटायचं की ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या केंद्रातल्या आशाताईंना आधीच ठाऊक असणार.

इथे माझं काम नेमकं याच जागेवर आहे. मी फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतल्या, नाव-पत्ता काढून टाकलेल्या नोंदींवर संशोधन करते. कोणाचं बीपी वर्षभर मोजलंच गेलं नाही, कोणाची गोळी मध्येच सुटली, का सुटली, असले प्रश्न. दिसायला नीरस, पण माणसं मरतात ती अशाच गळतीमुळे. इंग्लंडात 1957 पासून साध्या दवाखान्यांचं एक जाळं आजारांच्या नोंदी गोळा करतं आणि फ्लूची लाट आली हे मोठ्या हॉस्पिटलांच्या आधी त्याला कळतं. माझ्यासोबत काम करणारे निम्मे लोक आठवड्यातले दोन-तीन दिवस पेशंट बघतात आणि उरलेले दिवस संशोधन करतात. त्याचा त्यांना पगार मिळतो. रजा काढून, रात्री जागून, ‘आवड आहे म्हणून’ करायची ही गोष्ट नाही.

ही शहाणीव इथेही आकाशातून पडली नाही. मी राहते त्या यॉर्कशायरमध्येच वेन्स्लीडेल नावाचं खोरं आहे. तिथे विल्यम पिकल्स नावाचा खेड्यातला डॉक्टर होता. 1929 मध्ये खोऱ्यात काविळीची साथ आली. पिकल्सला सगळी घरं माहीत, कोण कोणाकडे उठतं-बसतं हेही माहीत. सकाळी अंथरुणावर पाहिलेली एक कामवाली पोरगी संध्याकाळी गावच्या जत्रेत हिंडत होती, एवढं त्याला आठवलं, आणि तिथून त्याने धागा धरला. आजाराची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे त्याने त्यातून काढलं: सुमारे चार आठवडे. बायको नोंदी ठेवायची, मुलगी तक्ते काढायची. प्रयोगशाळा नाही की काही नाही. पुढे देशातल्या फॅमिली डॉक्टरांचं कॉलेज स्थापन झालं, तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष म्हणून त्यांनी या खेड्यातल्या डॉक्टरला निवडलं. मला या गोष्टीतलं हे शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे असं काही झालंच नाही म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे बघावं. राणी आणि अभय बंग दोघेही नागपूरच्या मेडिकलला शिकलेले. जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि मुंबई-पुणं सोडून गडचिरोलीत बसले. दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी करून राणीताईंनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे आणि तपासलेल्या सगळ्यांपैकी जेमतेम 8 टक्के बायकांची आधी कधी तपासणी झालेली. जगात तोवर ग्रामीण बाईच्या आरोग्याचा अर्थ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच घेतला जायचा. मग 1999 चा नवजात बाळांवरचा अभ्यास. 39 गावांत गावच्याच बायांना शिकवलं: बाळाचं वजन कसं घ्यायचं, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शनसुद्धा कसं द्यायचं. नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटलं. 2011 पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ इथे आहे. एका बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून त्यांना 250 रुपये मिळायचे, हाही त्या यशोगाथेचाच भाग समजावा.

पण हे सगळं उभं राहिलं एका संस्थेत, सरकारी व्यवस्थेच्या बाहेर, दोन विलक्षण माणसांच्या जिवावर. शेजारच्या तालुक्यातल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याला असा एखादा प्रश्न सुचला, तर त्याने तो कुठे न्यावा? त्याच्यापुढे दोनच वाटा. नीट पीजीची पुस्तकं टेबलाच्या खणात ठेवायची आणि सर्जरी किंवा मेडिसिन मिळालं की निघायचं. नाहीतर तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. ती पायरी चढत गेली की पेशंट सुटतात आणि व्हिडिओ कॉन्फरन्स वाढतात. पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, घेतलं म्हटलं की आजही वर्गातली पोरं विचारतात, “काऊन, रँक घसरली का?” आणि फॅमिली मेडिसिन हा स्वतंत्र विषय आहे, हे तर पालकांना सोडाच, कित्येक प्राध्यापकांनाही पटवावं लागतं.

इथलं सगळं छान आहे असा समज करून देणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल. सकाळी आठला दवाखान्याचा फोन सुरू होतो आणि सव्वाआठपर्यंत अपॉइंटमेंट संपलेल्या असतात. दहा मिनिटांत माणूस उरकायचा. थकून नोकरी सोडणारे डॉक्टर मी रोज पाहते. शिवाय गरीब वस्त्यांना इथेही डॉक्टर मिळत नाहीत. वेल्सच्या कोळशाच्या खाणीतल्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्टने 1971 मध्येच लिहून ठेवलंय की चांगल्या आरोग्यसेवेची जिथे सर्वाधिक गरज, तिथेच ती सर्वात कमी मिळते. त्या खाणींच्या खोऱ्यांत गोरे डॉक्टर जाईनात, तेव्हा दवाखाने चालवले ते कोणी? भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी. म्हणजे आपल्या खेड्यांना न मिळालेला डॉक्टर त्यांच्या खेड्यांना मिळाला. मामाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मंग त अजून कडक करा लागते बाँड.”

“तिकडे बसून अक्कल शिकवू नको” हा टोला मला वर्गमित्रांच्या ग्रुपवर ठरलेला असतो, आणि तो पूर्ण चुकीचा नाही. रात्री दोनला बाळंतीण आली आणि लाइट नसली तर काय, याचं उत्तर माझ्या संशोधनात नाही. करिअरची वाट केली की सगळे गावात राहतील असंही मी म्हणत नाही. शंभरातले पाच राहिले, आणि त्यांना प्रश्न विचारायला वेळ, माणूस आणि थोडा पैसा मिळाला, तरी मला पुरे. सेवाग्रामचं कॉलेज 1969 पासून प्रत्येक तुकडीला एका गावाशी जोडतंच आहे. आता नव्या नियमांनुसार सगळ्याच एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काही कुटुंबं दत्तक घेऊन वर्षानुवर्षं भेटी द्याव्या लागतात. सध्या त्या भेटींची वही परीक्षेपुरती भरली जाते आणि सही झाली की रद्दीत जाते.

वाशिम, बुलडाणा, गडचिरोलीची नवी कॉलेजं इथून सुरुवात करू शकतात. सगळ्या तुकड्यांच्या वह्या एका नोंदणीत आणायच्या, आजूबाजूच्या चार-पाच आरोग्य केंद्रांना तिला जोडायचं. त्या केंद्रांतल्या डॉक्टरला आठवड्यातला एक दिवस कॉलेजात शिकवायला आणि स्वतःचा प्रश्न तपासायला द्यायचा, आणि तो काळ बढतीसाठी धरायचा. आशाताईंचं नाव शोधनिबंधात सहलेखक म्हणून घालायचं आणि त्या कामाचा मोबदला वेगळा द्यायचा. फवारणीचा रकाना पहिल्याच वर्षी उघडायचा, कारण कपाशी दर वर्षी पेरली जाते. या सगळ्याला लागतो एक सांख्यिकी जाणणारा माणूस, एक डेटा ऑपरेटर आणि बरा इंटरनेट. नव्या कॉलेजसाठी जे सीटी स्कॅन मशीन घेतलं जाईल, त्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त पडेल.