शिवेवरचा दगड आणि मरीआईचा गाडा

युनेस्कोनं जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो. चुलतभावाचं म्हणणं, गडांवर आता तरी शिस्त येईल. आत्येभाऊ म्हणतो, यादीत नाव आलं म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या काही कमी होत नाहीत. शेवटी कुणीतरी मला ओढतंच: "दादा, तू सांग, तिकडं साधं खेडंसुद्धा कसं जपतात!" मी 16 वर्षं इंग्लंडात शेफिल्डला राहतो, त्यामुळे इंग्रजांच्या शिस्तीचा मी घरचा साक्षीदार.

तर साक्ष देतो, पण ती त्यांना हवी तशी नाही.

आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, डर्बीशरच्या डोंगरात ईम नावाचं गाव आहे. परवा रविवारी फोनवर तिथली ऑडिओ टूर घेतली आणि निघालो. वाटाड्या नाही, घाई नाही. कानातली बाई सांगते, आपण चालायचं. तिचा कंटाळा आला की तिला गप्प करायचं. (ही सोय आमच्याकडच्या गाइडमध्ये नाही.)

गोष्ट 1665 सालची. लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, आणि त्याबरोबर प्लेगच्या पिसवा. जॉर्ज व्हिकर्स नावाचा कारागीर सप्टेंबरात पहिला गेला. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढलेला पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी मिळून गावाला विनवलं, की कुणी शीव ओलांडायची नाही. या दोघांचं धर्माच्या बाबतीत पटत नव्हतं, तरी एकत्र उभे राहिले. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या घळीत ठेवली. मेलेल्याला घरच्यांनीच परसात नाहीतर शेतात पुरायचं. मार्शल हाउ नावाचा एक धट्टाकट्टा माणूस इतरांची प्रेतं पुरायचा आणि मोबदला म्हणून त्यांच्या घरातल्या वस्तू उचलायचा. पुढं त्याची बायको आणि मुलगाही गेले. एलिझाबेथ हॅन्कॉकनं ऑगस्टमध्ये 8 दिवसांत नवरा आणि 6 मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. तो माळ आजही आहे, भोवती दगडी गडगा, आत मेंढ्या चरत नाहीत एवढंच.

नोव्हेंबरपर्यंत 260 माणसं गेली. जुनी सांगी म्हणते, गावात साडेतीनशेच माणसं होती. पुढं नोंदी तपासणाऱ्यांनी तो आकडा दुप्पट असावा असं दाखवलं. मॉम्पेसननं आपली मुलं आधीच बाहेर पाठवली होती, आणि ज्यांना जमलं ती सधन घरंही निघून गेली होती. कानातली बाई हे सांगते, पण हलक्या आवाजात.

मला थांबवलं ते दारांवरच्या पाट्यांनी. चर्चशेजारच्या घरांवर हिरव्या पाट्या आहेत आणि त्यांवर त्या घरात कोण कोण मेलं त्यांची नावं. त्या घरांतून माणसं आजही राहतात, खिडकीत मांजर बसलेलं असतं. राजा नाही, सरदार नाही. शिंपी, मजूर, त्यांची पोरं. मग मी शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या बाजूला उतरलो. वाटेत शिवेवरचा दगड आहे, त्याला 6 भोकं. गावकरी भोकांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवायचे, पलीकडचे लोक धान्य ठेवून नाणी न्यायचे.

त्या भोकात बोट घातलं आणि आजी आठवली. आमचं गाव साताऱ्याकडं, कोरेगाव तालुक्यात. आजी सांगायची, तिच्या सासूच्या लहानपणी गावात साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडी गाडा, हळदकुंकू, लिंबं, वाजतगाजत शिवेपर्यंत, आणि तिथून शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून मागं न बघता परत. ते गाव पुढच्या गावाला ढकलणार. ईमनं रोग शिवेच्या आत ठेवला, आम्ही गाडा शिवेबाहेर लोटला. पण आमचेच लोक प्लेगात गाव मोकळं करून माळावर झोपड्यांत राहायचे, तेही खरं. दोन्ही आमचंच.

मात्र "इंग्रज बघा" म्हणणाऱ्याला एक विचारतो. ईमला विनवणारा गावातलाच होता. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, 1897 मध्ये, याच लोकांच्या सरकारनं साथीचा कायदा केला आणि पुण्यात रँडची माणसं घराघरांत घुसली. तिथं कुणी कुणाला विचारलं नाही. त्या प्लेगची टूर इथं कुणी काढणार नाही, हे मी समजू शकतो.

पण आपण तरी काय काढली? पुण्याच्या प्लेगातून आपल्या लक्षात राहिले रँड आणि चापेकर. चिंचवडला वाडा आहे, गणेशखिंडीच्या रस्त्यावर स्मारक आहे, असावंच. सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचल्या आणि 10 मार्च 1897ला प्लेगानंच गेल्या, तेही आपण सांगतो. मग कसब्यात, रविवारात कोणत्या दारातून कोण गेलं? गडाचं नाव काय असावं यावर आपण रात्र जागवू, दाराचं नाव कुणालाच नको. तटबंदीवरच्या बाटल्या हा त्या मानानं सोपा प्रश्न आहे.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर आत्येभावानं लिहिलं, "लेक्चर नको, आपल्या गावातलं कोण गेलं ते सांग." मला एकही नाव सांगता आलं नाही.

चार दिवसांनी चुलतभावाचा एक ऑडिओ आला. थोरल्या आत्याला त्यानं ओट्यावर बसवून विचारलं होतं. साडेचार मिनिटं. मागं शेळी ओरडतेय, मध्येच कुणी चहा विचारतंय. आत्या 3 नावं सांगते, चौथ्यावर अडते, म्हणते, "त्या पोरीचं नाव ठेवायचंच राहिलं होतं," आणि मग माळावर आपली झोपडी कुठल्या बाभळीखाली होती यावर चुलतीशी भांडायला लागते.