कोर्ट बंद केलं म्हणून जज घरी जात नाही

अमेरिकेतली खालची फेडरल (केंद्राची) कोर्टं काँग्रेसनेच, म्हणजे तिथल्या संसदेनेच, उभी केलीत, मग सरकारला अडवणारा जज साध्या कायद्याने काढता येतो, आजन्म नेमणूक वगैरे नावापुरतं, असा मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं खपवलंय.

कोर्टं किती हे काँग्रेसच ठरवते, सुप्रीम कोर्टात किती जज तेसुद्धा (१७८९ ला ६ होते, सध्याचे ९ हे १८६९ पासून). पण जजचं पद घटनेच्या तिसऱ्या कलमाने राखलंय, वर्तन नीट आहे तोवर पद आणि पदावर असेपर्यंत पगारात कपात नाही.

"१८०२ ला काढलेच ना?" हो, राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या पक्षाने आदल्या वर्षीचा कायदा रद्द करून १६ सर्किट (विभागीय) जजांची पदंच उडवली. पण १८०३ च्या स्टुअर्ट विरुद्ध लेअर्ड निकालात सुप्रीम कोर्टाने फक्त कोर्टांची फेररचना मान्य केली, जजांना असं काढणं घटनेत बसतं का यावर चकार शब्द नाही. आणि पुढचं कोणी सांगतच नाही, रेल्वेच्या दरांच्या भांडणांसाठी १९१० ला कॉमर्स कोर्ट उभं केलं, १९१३ ला ते बंद करायचा कायदा झाला, पण त्याचे जज सर्किट जज म्हणून राहिले. एकच गेला, रॉबर्ट आर्चबाल्ड, तोही आधीच महाभियोगाने, कारण ज्या रेल्वे कंपन्यांच्या केसेस कोर्टात चालू होत्या त्यांच्याकडूनच हा माणूस कोळशाच्या टाकाऊ चुऱ्याचे ढिगारे स्वतःच्या धंद्यासाठी मिळवायला बघत होता. म्हणजे काढलं ते वागणुकीवरून.

"मग महाभियोग लावा." लावा की, पण सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, आणि सुप्रीम कोर्टाचे जज सॅम्युअल चेस १८०५ ला महाभियोगातून सुटले तेव्हापासून निकाल पटला नाही म्हणून जज काढायचा नाही हा पायंडा पडलाय, आजवर दोषी ठरून गेलेत फक्त ८ जज. हा पायंडा मोडला तर सरकारविरुद्ध निकाल द्यायला कोण धजावेल?

काँग्रेसची खरी ताकद वेगळीकडे आहे, कोर्टाने कुठल्या केसेस ऐकायच्या हे ठरवण्यात, आणि काळजी तिथे करायला हवी. मिसिसिपीच्या मॅककार्डल नावाच्या संपादकाला लष्कराने पकडलं होतं, सुप्रीम कोर्टात त्याच्या अपिलावर युक्तिवादसुद्धा झाले आणि मग काँग्रेसने कोर्टाचा तसं अपील ऐकण्याचा अधिकारच काढून घेतला, १८६९ ला कोर्टाने ते मान्य केलं. १८७२ ला क्लाइन केसमध्ये मात्र कोर्टाने ठणकावलं, अधिकारक्षेत्राच्या आडून निकाल काय द्यायचा हे काँग्रेसने सांगायचं नाही.