टपकतंय कुठून?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, त्या यादीत गाडीखालच्या थेंबाचं मूळ पण घालायला हवं होतं. आता आम्ही नाशिककर, आमची गंगा म्हणजे गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, गंगाद्वाराला दर्शन देते, परत गुप्त होते आणि खाली कुशावर्तात प्रकटते, म्हणजे पाणी येतं एकीकडून आणि दिसतं भलतीकडेच हे आम्हाला लहानपणापासून माहिती. तरी पार्किंगमध्ये ऑइलचा डाग दिसला की प्रत्येकजण डागाच्या बरोब्बर वर बोट दाखवणार.

डाग पहिल्यांदा दिसला चेअरमनना. साहजिक आहे, पेव्हर ब्लॉक नवीन बसवलेत. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, खाली "संबंधितांनी नोंद घ्यावी". संबंधित म्हणजे मी, कारण फोटोत माझी नंबरप्लेट आख्खी आलेली.

खाली गेलो तर चौकशी समिती आधीच बसलेली. इंदिरानगरला आमच्याकडे रिटायर मंडळींना तोटा नाही. एक काका ओझरच्या विमान कारखान्यातले, दुसरे नाशिकरोडच्या नोटप्रेसमधले. ओझरवाल्यांनी जन्मभर मिग नि सुखोई बघितलेल्या, त्यामुळे माझ्या हॅचबॅककडे ते जरा दयेनेच बघतात. प्रेसवाल्या काकांचं शास्त्र म्हणजे रंग. त्यांनी बोटावर थेंब घेतला, उजेडात धरला आणि निकाल दिला, "दहाच्या नव्या नोटेचा चॉकलेटी. इंजिन ऑइल."

मग ओझरवाल्यांनी माझी तोंडी परीक्षाच घेतली म्हणा ना. हिरवं किंवा गुलाबी, हाताला पातळ, वासाला गोडसर असलं तर काय? कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. लाल? पॉवर स्टिअरिंगचं, नाहीतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. निळं म्हणजे बहुतेक काच धुवायचं पाणी. नुसतंच साधं पाणी, पुढच्या सीटच्या खालच्या बाजूला, तर ते एसीचं, त्याच्यासाठी कुणाला उठवायचं नाही. "आणि चाकापाशी फिकट पिवळं तेलकट दिसलं तर?" मी गप्प. "ब्रेक ऑइल! गाडी जागची हलवायची नाही!" एवढं बोलून त्यांनी मला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावला, स्वतः सगळ्या चाकांमागे वाकून बघून आले, चाकं कोरडी निघाली तेव्हा ते किंचित नाराज झाल्यासारखे वाटले.

नंतर डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी. दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं त्यावर पूर मोजणारं गाव आमचं, त्यामुळे डिपस्टिक बघायचा हक्क प्रत्येकाला. काढ, पूस, परत घाल, परत काढ. लेव्हल खालच्या खुणेला टेकायला आलेली. कामवाल्या मावशी पण बघून गेल्या, म्हणाल्या, "कमीये."

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचं ठरलं. पिंपळगावच्या मेव्हण्याकडून आलेल्या द्राक्षाच्या पेट्या माळ्यावर पडून होत्या, त्या उसवून अंथरल्या आणि चाकं कुठे येतात त्याच्या पेनने खुणा केल्या, म्हणजे सकाळी थेंब कुठे पडला ते नीट कळतं. सकाळी थेंब इंजिन नि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या सांध्याच्या बरोबर खाली. हा पुठ्ठा घेऊन मी एका भल्यामोठ्या वर्कशॉपात गेलो. काउंटरवरच्या पोराने गाडीखाली न वाकता सांगितलं, "सर मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मेन सील म्हणजे त्याच सांध्याच्या आत ऑइल अडवून धरणारं रबराचं कडं. सील तसं स्वस्तच असतं हो, पण तिथवर पोचायची मजुरी ऐकून मला पुढच्या कुंभमेळ्यापर्यंतचे हप्ते दिसायला लागले.

शेवटी पाथर्डी फाट्याचा आमचा मिस्त्री. तो कमी बोलतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास. त्याने खालून टॉर्च मारला, सगळंच ओलं, तेलावर धूळ बसून नुसता लगदा. म्हणाला, "साहेब, ऑइल खाली वाहतं आणि गाडी पळली की वाऱ्याने मागे जातं. खालचा थेंब बघून काय कळणार, सगळ्यात वरचं ओलं कुठंय ते बघायचं." आणि आधी इंजिन धुवायचं, कारण मळक्या इंजिनवर नवं काय नि जुनं काय. डीग्रीझर मारून, धुऊन, सुकवून त्याने इंजिन ऑइलमध्ये एक छोटी बाटली ओतली. हा डाय, म्हणे, ऑइल जिथून गळेल तिथे यूव्ही टॉर्चखाली चमकतो. गाडी फिरवून आणा.

हे ऐकल्यावर प्रेसवाले काका जे पेटले! "अहो नोटेचं तेच असतं की, नंबर यूव्हीखाली चमकतात, कागदातले बारीक धागे चमकतात!" त्यांच्याकडे स्वतःचा यूव्ही टॉर्च निघाला, घरी आलेली प्रत्येक पाचशेची नोट ते अजून तपासतात. (त्यांच्या सुनेने मला हे हळूच सांगितलं.) मग दोन्ही काका मागच्या सीटवर आणि आम्ही गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो, डिसेंबरची थंडी, दोघांच्या माकडटोप्या, आणि वाटेत प्रत्येक सिग्नलला "आता गळत असेल" अशी कॉमेंटरी.

परत आल्यावर अंधारात बॉनेट उघडलं. टॉर्च मारला तर पोपटी रंगाचा ओघळ, खालच्या सांध्यापासून वर, वर, अजून वर, पार टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, इंजिन नि केबिनमधल्या पत्र्याकडच्या अडचणीत जिथे मान घालायला पण जागा नाही. तिथलं रबर कडक होऊन चिरलेलं. तिथून निघालेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून घरंगळत मेन सीलच्या दारात जाऊन टपकत होतं. ओझरवाले म्हणाले, "मी म्हणतच होतो." ते असं काही म्हणत नव्हते. मिस्त्रीने पॅकिंग बदललं, सांधा पुसून घेतला, गिअरबॉक्स आहे तिथेच आहे.

पण टॉर्चची चटक लागली ना काकांना. आता रोज रात्री जेवण झाल्यावर दोघं पार्किंगमध्ये फेरी मारतात, आणि परवा त्यांना चेअरमनच्या नव्या एसयूव्हीखाली एक चांगलं थाळीएवढं ओलं सापडलं. मला हाक मारली. सोसायटीचं कुत्रं तिकडेच निघालेलं, त्याला आधी हाकललं, कारण कूलंट गोड असतं म्हणून कुत्री चाटतात आणि ते असतं विष. तेवढ्यात चेअरमन स्वतः खाली आले, स्वेटर, मफलर, वरून शाल. वाकून बघितलं आणि म्हणाले, "काही नाही हो, एसीचं पाणी आहे."

"गुलाबी?" प्रेसवाले काका म्हणाले.