मावशी, तो धागा बांधून घेऊ नकोस

मावशी येत्या सप्टेंबरात ग्रुप टूरने युरोपला निघाली आहे. पॅरिसमधली एक दुपार मोकळी आहे आणि ती मोंमार्त्रच्या टेकडीवर घालवायची असं तिचं ठरलंय. परवा तिने मला एक मेसेज पुढे पाठवला: 'मोंमार्त्रला जाणाऱ्यांनी हे वाचाच.' सहा मुद्दे, खाली 'गरजूंपर्यंत पोहोचवा'. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हाच मेसेज दोनदा येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिलं. आता मावशीच जाणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो वाचून डोकंच फिरलं. 'साक्रे-कर चर्चच्या पायथ्याशी लोक हातात रंगीत धागा बांधतात. आपल्या देवळातल्या धाग्यासारखाच तो शुभ असतो. नाही म्हणू नये, अपमान होतो.'

अहो, शुभ कसला! पॅरिसमधली ही सगळ्यात जुनाट आणि सगळ्यांना ठाऊक असलेली फसवणूक आहे. चर्चच्या खालच्या बागेच्या फाटकापाशी, वर जाणाऱ्या पायऱ्या सुरू होतात तिथे, हे लोक घोळका करून उभे असतात. हसून बोलतात, 'इंडिया? नमस्ते!' म्हणतात, तुमचं बोट धरतात आणि बोलता बोलता त्याभोवती धागा विणायला घेतात. गाठ अशी मारतात की कात्रीशिवाय सुटणार नाही. मग पैसे. तुम्ही पाकीट काढलंत की ते कुठल्या खिशात असतं हे आजूबाजूच्या चार जणांना कळलेलं असतं. चर्चचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही. आणि आपल्या बायकांची पंचाईत अशी, की कुणी धागा पुढे केला की हात आपोआप पुढे जातो, वर डोकंही झाकतील! मी स्वतः पहिल्या खेपेला अशीच अडकले होते. 10 युरो गेले आणि धागा हॉटेलवर परतल्यावर नेलकटरने कापावा लागला. तेव्हा मावशी, हात पर्समध्ये किंवा खिशात, नजर समोर, 'नों, मेर्सी' (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं. त्याहून सोपं म्हणजे शेजारची फ्युनिक्युलर, म्हणजे टेकडीवर चढणारी छोटी रेल्वे, घ्यायची. तिला मेट्रोचंच तिकीट चालतं आणि तुझे गुडघेही वाचतील.

दुसरा मुद्दा: 'चर्चला तिकीट आहे, आधीच बुक करा.' आणि खाली लिंक. चर्चमध्ये जायला एक पैसा लागत नाही. फ्रान्सचा 1905 चा धर्म आणि राज्य वेगळे करणारा कायदा आहे, त्याच्या 17व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की संरक्षित वास्तूंच्या दर्शनासाठी कसलाही कर किंवा शुल्क घेता येणार नाही. साक्रे-कर 2022 पासून त्या संरक्षित यादीत आहे. तिकीट लागतं ते घुमटावर चढायला. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि लिफ्ट नाही, म्हणजे तुझा तो प्रश्नच मिटला.

'प्लास द्यु तेर्त्र चौकात पिकासो, व्हॅन गॉगचे वंशज चित्रं काढतात.' वंशज! तिथे बसणाऱ्यांना पॅरिस महापालिकेचा परवाना लागतो. जागा जेमतेम चौरस मीटरभर आणि तीही दोघांत वाटून. परवाना असलेला आपल्या जागी बसतो. कागद-पेन्सिल घेऊन मागे लागणाऱ्याकडे चेहरा वळवूसुद्धा नकोस.

'पिकासोची खोली जशीच्या तशी जपली आहे.' पिकासोची खोली होती ती इमारत, बातो-लाव्वार, 1970 साली जळाली. दर्शनी भाग तेवढा उरला, मागचं सगळं नव्याने बांधलेलं आहे आणि आत सोडत नाहीत. 1907 मधलं त्याचं आव्हिन्योंच्या स्त्रियांचं चित्र तिथलंच, हे मात्र खरं. चित्रकाराची खोलीच बघायची असेल तर रू कोर्तो या रस्त्यावरच्या 12 नंबरच्या संग्रहालयात जा. चित्रकार रनुआरने 1876 मध्ये तिथे स्टुडिओ घेतला होता. पुढे सुझान व्हालादों तिथे राहिली. ही कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी, चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसता बसता स्वतःच चित्रकार झाली. तिचा स्टुडिओ पुन्हा उभा केलाय. मेसेजमध्ये तिचं नावही नाही, यात काही नवल नाही.

'वस्ती बदनाम आहे, बायकांनी जाऊच नये.' हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य करते. खाली पिगालच्या रस्त्यावर, मुलाँ रूज या नाचगाण्याच्या थिएटरच्या आसपास, तसली दुकानं आहेत आणि पाकीटमार तर आहेतच. पण वर टेकडीवर माणसं संसार करतात, पाव आणायला जातात, कुत्री फिरवतात.

सहावा मुद्दा द्राक्षमळ्याचा. हे सगळं लिहून पाठवल्यावर मावशीचं एकच उत्तर आलं: 'बरं. पण पॅरिसच्या मधोमध द्राक्षाचा मळा, हे तरी खरं ना?' मावशी नाशिकची, तिला तेवढंच महत्त्वाचं. खरं आहे. रू दे सोलच्या कोपऱ्यावर, तिथे इमारती उठू नयेत म्हणून 1933 साली लावलेला. उतार उत्तरेकडे, म्हणजे ऊन बेताचंच. मळा बहुतेक कुलपात असतो, पण कुंपणातून दिसतो. द्राक्षं कशी आहेत ते तूच बघून सांग.